श्रिंक प्लास्टिक: डब्याच्या झाकणातून काढायचं की विकत आणायचं, आणि नीट आकसवायचं कसं

श्रिंक प्लास्टिकची, म्हणजे चित्र काढून ओव्हनमध्ये तापवली की आकसून लहान आणि जाड होणाऱ्या प्लास्टिकची शीट घरी बनवता येते का असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकते, नाही येत. घरी आपण फक्त योग्य प्लास्टिक ओळखू शकतो, ते डब्यातून कापून काढू शकतो आणि चित्र काढण्याजोगं तयार करू शकतो. खरी मेहनत कारखान्यात आधीच झालेली असते. ते एकदा कळलं की कुठलं झाकण चालेल आणि कुठलं नुसतं वितळून ट्रेला चिकटेल याचा अंदाज आपोआप यायला लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हे प्लास्टिक का आकसतं

आपल्याला हवं असलेलं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि त्यातही ताणलेलं पॉलिस्टायरीन. कारखान्यात त्याची जाड शीट गरम करून उभी आणि आडवी अशी दोन्हीकडे खेचतात आणि खेचलेली असतानाच थंड करतात. ताणलेलं रबर तसंच गोठवून टाकावं तसा हा प्रकार. आत रेणूंच्या लांबलचक साखळ्या ओढलेल्या अवस्थेत अडकून पडतात, आणि मग साधारण १०० डिग्री सेल्सिअसच्या पुढे प्लास्टिक मऊ पडलं की त्या सुटतात आणि परत गुंडाळायला लागतात, म्हणून तुकडा लहान होतो. यात प्लास्टिक कुठे उडून जात नाही हं, लांबी-रुंदीत जे कमी झालं ते सगळं जाडीत येतं. म्हणून कागदासारखी पातळ शीट ओव्हनमधून कडक जाडसर चकती होऊन बाहेर पडते.

याचा क्राफ्टसाठी वापर लोकप्रिय झाला तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, १९७३ साली. बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघींनी लहान मुलांच्या स्काउट गटासाठी हा उद्योग केला आणि त्यातून श्रिंकी डिंक्स नावाचं खेळणं बाजारात आलं. गंमत म्हणजे पुढे कॅलिफोर्नियात मिशेल खाइन या संशोधिकेने हीच खेळण्यातली शीट वापरून प्रयोगशाळेतल्या सूक्ष्म नलिकांचे साचे बनवले. प्रिंटरने शीटवर रेघा छापायच्या आणि शीट आकसवायची, की रेघांची शाई दाटून उंचवटे तयार होतात. म्हणजे पोरांचा खेळ म्हणून हिणवायचं कारण नाही.

सहाचा आकडा शोधा, पण त्यावर थांबू नका

डब्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण असतो, त्यात ६ आकडा आणि खाली बहुतेक वेळा पीएस (म्हणजे पॉलिस्टायरीन) ही अक्षरं. तो आपला. बेकरीतले केकचे पारदर्शक डबे, सॅलडचे डबे, त्यांची सपाट झाकणं यात तो सापडतो. पण हल्ली अगदी तसेच दिसणारे डबे १ नंबरच्या पेटचे (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) किंवा ७ नंबरच्या पीएलएचे (मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक) पण असतात, आणि डोळ्यांनी फरक कळत नाही. पेट गरम केलं की वेडंवाकडं होतं, कधी पांढुरकं पडतं, पण छान सपाट चकती काही होत नाही. ५ नंबरचं पॉलिप्रॉपिलीन नुसतं मऊ होऊन लोळतं. आणि ३ नंबर म्हणजे पीव्हीसी, ते कधीच ओव्हनमध्ये घालायचं नाही, कारण जास्त तापलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो जो नाका-घशाला जाळतो. आकडा दिसत नसेल तर "बघू तरी टाकून" हा मोह टाळा.

थर्माकोलवर पण ६ च असतो, कारण तेही पॉलिस्टायरीनच. पण तो फेस आहे, आत हवाच हवा, तो या कामाचा नाही.

आकडा मिळाला नाही किंवा खात्री नाही, तर दोन टेस्ट आहेत. पहिली कानाची. झाकण हातात घेऊन हलवा, ताणलेलं पॉलिस्टायरीन पत्र्यासारखं कडकड वाजतं आणि दुमडलं की फटकन चीर जाते. पेट दुमडलं तर घडी पडते पण सहसा तुटत नाही. ही टेस्ट सवयीची आहे, दोनचार डबे हाताळले की कळायला लागतं.

दुसरी टेस्ट मला जास्त आवडते कारण तिच्यात अंदाज नाही. दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात १०० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून. प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा बोटांनी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात चोळून घ्या म्हणजे त्याला बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि मग तो पाण्याच्या आत ढकलून सोडा. पॉलिस्टायरीनची घनता साधारण १.०५, म्हणून ते साध्या पाण्यात बुडतं आणि मिठाच्या पाण्यात वर येतं. पेट, पीव्हीसी आणि पीएलए तिन्ही त्याहून बरेच जड, ते दोन्ही ग्लासात तळाला जातात. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ते दोन्हीकडे तरंगतं. म्हणजे साध्यात बुडालं आणि खाऱ्यात तरंगलं तरच पुढे जायचं. नुसतं वर ठेवून "तरंगतंय" म्हणू नका, पातळ तुकडा पाण्याच्या पृष्ठभागावर उगाच टिकून राहतो, आत दाबायलाच हवा.

डब्यातून शीट काढणं

डबा साबणाने धुवून पूर्ण कोरडा करा, तेलकटपणा राहिला तर रंग बसत नाही. लेबलचा गोंद खोबरेल किंवा कुठल्याही खायच्या तेलाने चोळून काढा आणि परत साबणाने धुवा. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, ॲसिटोनने पॉलिस्टायरीन विरघळतं आणि तुमची शीट तिथेच चिकट धुरकट होऊन बसते.

मग फक्त सपाट भाग घ्यायचा. कडा, घड्या, उठावदार नक्षी, छापलेलं नाव हे सगळं कापून टाका. कारण डबा साच्यात ओढून बनवताना कोपऱ्यांवर प्लास्टिक वेगळ्या प्रमाणात ताणलं गेलेलं असतं, तिथला तुकडा आकसताना वाकडा जातो. झाकणाचा मधला भाग सगळ्यात भरवशाचा. पातळ कप आणि ट्रे यांचंही तसंच, ते गरम केले की बहुतेक त्यांचा चपटा गोळा होतो, गंमत म्हणून बघायला छान पण मोजून काम करायला निरुपयोगी.

चित्र काढायच्या आधी माप काढा

हा भाग लोक हमखास गाळतात आणि मग कानातल्याचा एक डूल लांबट एक गोल होतो. कुठलीही नवी शीट असो, विकतची किंवा डब्यातली, त्यातून १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन कापा, झाकण लहान असेल तर ५ बाय ५ चा. परमनंट मार्करने त्यावर एका दिशेला बाण काढा, आणि उरलेल्या शीटवर पण त्याच दिशेने तसाच बाण काढून ठेवा. चौकोन आकसवा, गार होऊ द्या, दोन्ही बाजू मोजा.

समजा बाणाच्या दिशेने ४ सेंटीमीटर उरले आणि आडवे ४.६. म्हणजे तुमचे गुणक ०.४० आणि ०.४६. आता तयार झाल्यावर ३ सेंटीमीटर उंच आणि ३ सेंटीमीटर रुंद हवं असेल, तर उंची ३ भागिले ०.४०, म्हणजे ७.५, आणि रुंदी ३ भागिले ०.४६, म्हणजे साधारण ६.५ सेंटीमीटर काढायची. चित्र मुद्दाम थोडं लांबट काढलं की भट्टीतून गोल निघतं. विकतच्या शीटमध्ये दोन्ही दिशांचा फरक सहसा कमी असतो, डब्याच्या प्लास्टिकमध्ये चांगलाच असू शकतो, कारण डबेवाल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. जोडीचे तुकडे, म्हणजे दोन डूल वगैरे, नेहमी एकाच शीटमधून आणि बाणाच्या एकाच दिशेने कापायचे. जागा वाचवायला एक आडवा फिरवलात की जोडी फसली.

जाडीचा हिशोबही यातूनच निघतो. ०.४० गुणिले ०.४६ म्हणजे ०.१८४, आणि १ ला त्याने भागलं की साधारण ५.४. शीट ०.३ मिलिमीटर असेल तर तयार तुकडा १.६ मिलिमीटरच्या आसपास. कीचेनला हे ठीक आहे. केकच्या डब्याचं झाकण यापेक्षा पातळ असलं तर तुकडा नाजूक निघतो, तो ब्रोच किंवा भेटकार्डावर चिकटवायला वापरा, किल्ल्यांच्या जुडग्यात नको.

विकत घ्यायची तर कुठली

माझं मत, सरावाला आणि मुलांच्या दंगलीला डब्याचं झाकण, आणि जिथे अक्षरं, जोड्या, प्रिंट असं काही आहे तिथे विकतची शीट. विकतमध्ये साधारण चार प्रकार मिळतात. गुळगुळीत पारदर्शक, एका बाजूने खरखरीत केलेली फ्रॉस्टेड, पांढरी, आणि इंकजेटवर छापता येणारी. एकच घ्यायची असेल तर फ्रॉस्टेड घ्या, घासायची मेहनत वाचते आणि रंगीत पेन्सिल थेट चालते. पांढऱ्यावर रंग उठून दिसतात पण खाली चित्र ठेवून गिरवता येत नाही.

प्रिंटवाल्या शीटबद्दल एवढंच, इंकजेट शीट इंकजेटमध्येच, कोटिंगच्या बाजूवर, आणि छापल्यावर वाळू द्यायची. लेझर प्रिंटरमध्ये शाई पक्की करायला आत तापता रोलर असतो, तिथे शीट आकसून अडकली तर प्रिंटर गेला, म्हणून पाकिटावर लेझर चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घालूच नका. खाइनबाईंनी लेझरच वापरला होता खरा, पण प्रयोगशाळेचा प्रिंटर वेगळा आणि आपला वेगळा!

घासणं आणि रंगवणं

गुळगुळीत शीटवर रंगीत पेन्सिल घसरते, त्यासाठी ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने शीट घासायची. आधी उभी, मग आडवी, हलक्या हाताने, सगळीकडे एकसारखी धुरकट दिसेपर्यंत. एकाच दिशेने घासलं तर त्या रेघा आकसल्यावर अजून जवळजवळ येतात आणि रंग पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. नंतर भुकटी ओल्या कपड्याने पुसून कोरडं करा आणि बोटांचे ठसे कमीत कमी पाडा.

रंगांमध्ये रंगीत पेन्सिल, परमनंट मार्कर, खडूचे कोरडे पेस्टल आणि ॲक्रिलिकचा पातळ थर हे चालतात. मेणाचे खडू आणि ऑइल पेस्टल नाही, ते ओव्हनमध्ये वितळून पसरतात. ॲक्रिलिक जाड लावलं तर प्लास्टिक आकसतं पण रंगाचा पापुद्रा तितका आकसत नाही, मग सुरकुत्या पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं, रंग फिका लावा. तेवढाच रंग पाचपट लहान जागेत गोळा होणार आहे, म्हणून जे गुलाबी वाटतं ते गडद होतं आणि गडद निळा तर जवळपास काळाच. टेस्टच्या चौकोनावरच रंगांचे छोटे पट्टे ओढून ठेवले तर एका फेरीत माप पण कळतं आणि रंग पण. प्रिंट काढताना चित्राचा गडदपणा निम्म्यावर आणा, मग बघून कमीजास्त करा.

पारदर्शक शीटवर मागच्या बाजूने उलटं चित्र काढायची युक्ती छान आहे, पुढची बाजू काचेसारखी चकचकीत राहते आणि रंगाला ओरखडे पडत नाहीत. फक्त अक्षरं आरशातल्यासारखी उलटी लिहा, नाहीतर नाव उलटं वाचावं लागेल.

कापणं आणि भोकं

जे काय कापायचं ते आत्ता, भाजल्यावर कात्री लागत नाही. कात्री स्थिर ठेवून शीट फिरवायची. आतल्या बाजूचे टोकदार कोन टाळा, उदाहरणार्थ चांदणीच्या दोन टोकांमधली खाच, तिथूनच चीर सुरू होते. खाच थोडी गोलसर कापली की वाचते. बाहेरचे कोपरेही गोल करा, कारण आकसल्यावर ते चांगले टोचतात.

भोक साध्या पंचिंग मशीनने. ६ मिलिमीटरचं भोक शेवटी साधारण अडीच मिलिमीटरचं होतं, नेहमीची कडी त्यातून आरामात जाते. कडेपासून भोकाचं अंतर निदान भोकाएवढं तरी ठेवा. भोक पाडायचं विसरलात तर नंतर बारीक हातड्रिलने हळूहळू पाडता येतं.

ओव्हन

छोटा ओव्हन किंवा ओटीजी सगळ्यात बरा. १५० ते १६५ डिग्रीला आधी पूर्ण तापवा. पंखा असेल तर बंद, तुकडे हलके असतात, उडून एकमेकांवर बसतात. सपाट ट्रेवर बेकिंग पेपर घाला, मेण लावलेला कागद नको, सिलिकॉन कोटिंगवाला हवा. तुकड्यांच्या दोन्ही बाजूंना किंचित टॅल्कम पावडर लावली तर वळताना स्वतःला चिकटत नाहीत, पण रंगीत पेन्सिलच्या बाजूवर अगदी नावापुरती. रंगाची बाजू वर, तुकड्यांमध्ये अंतर, आणि ट्रे मधल्या कप्प्यात, वरच्या कॉइलपासून लांब.

आता दारापासून हलू नका, सगळा खेळ एक ते तीन मिनिटांचा आहे. तुकडा आधी कडेने उचलला जाईल, मग चांगलाच गुंडाळेल, आणि इथेच नवखी माणसं घाबरून दार उघडतात. उघडू नका! त्याच उष्णतेने तो हळूहळू परत उलगडतो. सपाट झाला की अजून २० ते ३० सेकंद थांबा, ट्रे बाहेर काढा, वर दुसरा बेकिंग पेपर ठेवून जाड वहीने किंवा सपाट फरशीने १०-१५ सेकंद दाबा. हे पटकन करायचं, प्लास्टिक काही सेकंदांत कडक होतं.

उलगडला नाहीच तर? नुसताच वाकडा राहिला असेल तर ओव्हन कमी तापलेला होता, परत आत घाला, पुन्हा मऊ होतो. एक कड दुसऱ्यावर चिकटली असेल तर गरम असताना ओढू नका, लांबट तार निघते आणि आकार जातो. थोडा निवला की हलकेच सोडवायचा प्रयत्न करा आणि मग परत भाजा. लांब अरुंद पट्ट्या आणि तळहातापेक्षा मोठे तुकडे सगळ्यात जास्त चिकटतात, सुरुवातीला तसे करूच नका. बुडबुडे आले, पिवळट झाला किंवा तिखट वास सुटला तर उष्णता जास्त आहे, ओव्हन बंद, खिडक्या उघड्या. ओव्हनच्या डायलवर फार विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवला तर बरेच वाद मिटतात.

मायक्रोवेव्हमध्ये होत नाही, पॉलिस्टायरीन त्या लहरी शोषत नाही, म्हणून तुकडा तसाच राहतो. हेअर ड्रायरची उष्णता सहसा पुरत नाही. गॅसची ज्योत किंवा मेणबत्ती अजिबात नाही, पॉलिस्टायरीन पेट घेतं आणि काळा काजळीचा धूर सोडतं. हीट गन चालते, पण झोत एका बाजूनेच येतो म्हणून तुकडा लाकडी काडीने दाबून धरायचा, झोत सतत फिरवायचा आणि मध्ये एकदा पालटायचा. कानातल्याएवढ्या तुकड्याला ठीक, मोठ्याला ओव्हनच.

ज्या ओव्हनमध्ये रोजचं खाणं होतं तो शक्यतो यासाठी नकोच, जुना वेगळा असेल तर उत्तम. नसेल तर निदान ट्रे वेगळा, खिडकी उघडी, आणि नंतर ओव्हन रिकामा उघडा ठेवून हवा जाऊ द्या. मुलांनी रंगवावं, कापावं, पण ट्रे मोठ्यांनीच हाताळावा.

वाकवणं आणि शेवटचा हात

तुकडा गरम असताना गोल बाटलीवर किंवा पेनवर दाबून धरला तर तसाच वळलेला राहतो, अंगठ्या अशाच करतात. हातमोजे घाला आणि मध्ये बेकिंग पेपर ठेवा. पट्टीची लांबी आधी मोजून घ्यायची. बोटाचा घेर ५.५ सेंटीमीटर असेल आणि पट्टी बाणाच्या दिशेने कापणार असाल, तर ५.५ भागिले ०.४०, साधारण १३.८ सेंटीमीटर. थोडी फट ठेवायची तर तेवढी कमी करा, पूर्ण बंद अंगठी काढताना तुटते.

कडा बारीक कानसेने किंवा ४०० च्या पॉलिश पेपरने मारून घ्या. रंगीत पेन्सिलचं काम सील करावंच लागतं, नाहीतर हाताळून पुसट होतं. पाण्याच्या बेसचं वॉर्निश पातळ दोन थरांत, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. मार्करने काढलेल्यावर आधी कोपऱ्यात थेंब लावून बघा, काही मार्करची शाई वॉर्निशने पसरते. घुमटासारखी चमक हवी असेल तर यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशात कडक होणारा पारदर्शक द्रव. पारदर्शक नेलपॉलिश लावायचा सल्ला खूप जण देतात पण मी देणार नाही, त्यातली द्रावकं पॉलिस्टायरीनला खातात आणि पृष्ठभाग मऊ, धुरकट होतो. स्प्रे लॅकरचंही तेच, मारायचाच तर आधी टाकाऊ तुकड्यावर.

ब्रोचची पिन किंवा डुलाची दांडी चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी सगळ्यात टिकतं. चिकटवायच्या जागी थोडं घासा, पिनची धातूची बाजूही घासा, आणि रात्रभर हलवू नका. इन्स्टंट ग्लू पण धरतो, फक्त त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरा धुरकट डाग येतो, म्हणून तो पांढऱ्या शीटच्या मागे चालेल, पारदर्शकवर लगेच दिसतो.